उरकणं आणि रमणं

सकाळी फिरून आलेल्या माणसाला दारातच विचारलं जातं, ‘झालं का उरकून?’ आणि तोही बुटाची लेस सोडत म्हणतो, ‘हो, उरकलं एकदाचं.’ या ‘एकदाचं’कडे अलीकडे माझं फार लक्ष जातं. उरकणं हे क्रियापद आपण धुणीभांडी, बिलं, फॉर्म, नकोशा भेटीगाठी यांच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. आता आपण व्यायाम उरकतो, वाचन उरकतो, मुलांबरोबरचा वेळ उरकतो, सुट्टीला बाहेर पडलो तर बघायच्या जागाही उरकतो. लहान मूल मात्र संध्याकाळी घामाघूम होऊन घरी येतं तेव्हा ‘खेळ उरकला’ असं म्हणत नाही. ते ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणून दारातून परत पळतं.

उरकण्याच्या उलट आपल्याकडे एक शब्द आहे, रमणं. समतोल आयुष्याबद्दल आजकाल जे बोललं आणि लिहिलं जातं, त्यात मला नेमका हाच शब्द सापडत नाही. सल्ला साधारण ठरलेला असतो. आधी तब्येत सांभाळा, मग ध्येयं ठरवा, ती गाठा, आणि त्यातून वेळ उरलाच तर रोजच्या साध्या गोष्टींतला आनंद घ्या. हा क्रमच मला मान्य नाही. आनंद शेवटी ठेवला की त्याची पाळी येत नाही, आणि तो नसला की आधीच्या दोन गोष्टीही फार दिवस तग धरत नाहीत. शिवाय या सल्ल्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते की वेळ ज्याच्या त्याच्या हातात आहे, कमी पडते ती शिस्त. हेही खरं नाही. पण त्याकडे नंतर येते.

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले. पाण्याची भीती लहानपणापासूनची. शिकवणाऱ्या बाईंनी पहिले आठ-दहा दिवस मला काठाचा दांडा धरून नुसतं पाण्यात तोंड घालायला आणि श्वास सोडायला लावलं. बुडबुडे गालांवरून, कानांजवळून वर जायचे आणि त्यांची गुडगुड बाहेरून नाही, डोक्याच्या आतून ऐकू यायची. मला ते आवडायला लागलं होतं. मग एके दिवशी हात दांड्यावरून सुटला आणि मी बुडाले नाही. घरी जाऊन हे मी प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं.

चारेक महिन्यांत बऱ्यापैकी पोहता यायला लागलं आणि मनगटावर घड्याळ आलं. घड्याळ फेऱ्या मोजायचं. दहा झाल्या, बारा झाल्या, सोळा झाल्या. मग वीस झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं ठरलं, दर आठवड्याला दोन वाढवायच्या असंही ठरलं. खांदा दुखायला लागल्यावरही दोन आठवडे तसंच रेटलं. शेवटी डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं. खांदा दीड महिन्यात बरा झाला. मी मात्र सात महिने तलावाकडे फिरकले नाही. जावंसं वाटतच नव्हतं. ज्या गोष्टीने मला इतकं हरखून टाकलं होतं, ती माझ्यासाठी एक राहिलेलं काम झाली होती, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आमच्याच वेळेला एक आजी यायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. आधी उथळ भागात दहा मिनिटं चालायच्या, मग पाठीवर पडून तरंगायच्या, डोळे मिटून. मध्येच वाटलं तर चार हात मारायच्या. त्यांचे कान कायम पाण्याखाली असत. मी एकदा विचारलं, ‘कानात पाणी जात नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘जातं की. पण खाली किती शांत असतं गं, घरी कुठे मिळतं इतकं शांत?’ अकरा वर्षं त्या येत होत्या. ताप आला, घरात कार्य निघालं, चार-सहा दिवस खाडा झाला, तरी परत हजर. माझ्यासारखे घड्याळवाले मात्र जानेवारीत भरभरून यायचे आणि एप्रिलपर्यंत गळायचे. सुरुवातीला मला वाटायचं, आजी व्यायाम असा काही करतच नाहीत. आमच्या बॅचमध्ये खरा व्यायाम कोणाचा चालू होता, हे कळायला मला सात महिन्यांचा खाडा लागला.

आकड्यांशी माझं भांडण नाही. पण ते कुठून आले हे माहीत असावं. रोज दहा हजार पावलं चालायला हवीत, हे आता जगभर पाठ झालेलं वाक्य आहे. १९६४ साली तोक्योला ऑलिम्पिक झाल्यावर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ च्या सुमारास तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. सांगायला सोपा, गोल आकडा, आणि तो विकला गेला. त्यामागे तेव्हा कुठली वैद्यकीय चाचणी नव्हती. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. पावलांबरोबर फायदा वाढत गेला, पण साधारण ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला. हा अभ्यास वयस्कर स्त्रियांचा होता, तो सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. तरी रात्री अकरा वाजता उरलेली आठशे पावलं भरायला बेडरूममध्ये येरझारा घालणाऱ्या माणसाला तो सांगण्यासारखा आहे. अशा येरझारा मीही घातल्या आहेत, शेजारी झोपलेल्या माणसाची झोपमोड करून.

मोजण्याने दुसरंही काही होतं. जॉर्डन एटकिन या संशोधिकेने २०१६ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. चित्रं रंगवणं, चालणं, वाचणं अशा साध्या, आवडीच्या गोष्टी करणाऱ्या लोकांपैकी काहींना त्यांनी किती केलं याचा आकडा समोर दिला. आकडा दिसणाऱ्यांनी काम जास्त केलं, पण त्यांना त्यात मजा कमी आली. पुढे मोजणं थांबल्यावर ती गोष्ट आपणहून करण्याकडेही त्यांचा कल कमी झाला. हे वाचताना मला तलाव आठवला. आवडीची गोष्ट मोजली की ती कामासारखी वाटू लागते, आणि काम म्हटलं की ते टाळावंसं वाटणं ओघानेच आलं.

मग तब्येत कशी राखायची? लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट इथे आठवते. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत. यातला कोणीही व्यायाम करत नव्हता. ते तिकिटं फाडत होते, लोकांशी बोलत होते, कामाचा दिवसच तसा होता. मॉरिस चोख माणूस, तो तिथेच थांबला नाही. १९५६ मध्ये त्याने गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढून पाहिल्या, तर ड्रायव्हरांच्या कंबरेची मापं जास्त निघाली, आणि तीही नोकरीत नव्याने आलेल्यांपासूनच. म्हणजे फरकाचं सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. पण नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ गोष्ट पक्की केली. शरीराला हालचाल लागते, आणि ती दिवसाच्या पोटातून आली तरी चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी शिफारस केली तीही तशीच आहे. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण पडेल असं काही करावं. एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत, ही आधीची अट त्या वेळी काढून टाकली गेली. जिना, ओझं, मुलामागची धावपळ, सगळं धरलं जातं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मन रमेल तेवढंच करायचं म्हटलं तर कोणी काही करणारच नाही, शिस्त नावाची गोष्ट आहे की नाही? आहे. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून तीन वेळा पाय वाकवायचा होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिथे रमण्याची भाषा करणं निर्दयपणाच झाला असता. ती व्यायाम उरकतच होती, दात-ओठ खाऊन. पण फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी तिला विचारलं, ‘मावशी, बरं झाल्यावर पहिलं काय करायचंय?’ आई म्हणाली, ‘वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते, तिच्याकडे जायचंय.’ मग त्या मुलीने बाहेर जाऊन जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. बावीस. त्यानंतर गुडघा किती अंशांत वाकला याचे आकडे आईला कोणी सांगितले नाहीत. आज चार पायऱ्या, आज सात, इतकंच. सातव्या आठवड्यात ती वर पोचली आणि दुपारची संध्याकाळ होईपर्यंत खाली आलीच नाही.

शिस्त मला हवीच आहे, पण ती कोणाच्या चाकरीला आहे एवढं विचारायचं आहे. बावीस पायऱ्यांच्या वर मैत्रीण होती. वीस फेऱ्यांच्या पलीकडे माझ्यासाठी बावीस फेऱ्या होत्या, आणि त्यापलीकडे चोवीस.

ध्येयांचंही असंच होतं. अमुक व्हायचंय आणि अमुक करायचंय यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला लेखक व्हायचंय त्याला लिहायला आवडेलच असं नाही, ज्याला मॅरेथॉन पूर्ण केलेला माणूस व्हायचंय त्याला पळायला आवडेलच असं नाही. ध्येय गाठल्यावर येणारा आनंद किती टिकतो, यावर १९७८ चा एक छोटासा पण गाजलेला अभ्यास आहे. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना बोलतं केलं. ती माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी निघाली नाहीत. मला जास्त चटका लावून गेली ती पुढची नोंद. मित्राशी गप्पा मारणं, एखादा विनोद ऐकणं, मासिक चाळणं यांसारख्या रोजच्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. मोठी गोष्ट हाती आली आणि लहान गोष्टी फिक्या पडल्या. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला चढवू नये हे खरं. पण बढतीनंतर, घर घेतल्यानंतर, पदवी हातात पडल्यानंतर ‘आता पुढे काय’ हा प्रश्न दोन दिवसांत उभा राहिलेला आपल्यापैकी कोणी अनुभवलेला नाही?

नेम मोडला की सगळं संपलं, हाही एक गैरसमज आहे आणि त्याने फार माणसं बाद केली आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे नजर ठेवली. सवय अंगवळणी पडायला अगदी मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त, पण कुणाला अठरा दिवस पुरले, तर कुणाला अंदाजे २५४ लागतील असं गणित निघालं. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हा प्रसिद्ध मंत्र इथे कुठेच बसत नाही. सलग किती दिवस न चुकता केलं याची साखळी दाखवणारी ॲप्स मला म्हणूनच पटत नाहीत. साखळी तुटली की शून्यावर आलो असं वाटतं. आजींची साखळी अकरा वर्षांत शेकडो वेळा तुटली असेल.

आणि रोजचे आनंद? त्यांच्याबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण त्यांनाही आता कामाला जुंपलं जातंय. छंद जोपासा, त्याने कार्यक्षमता वाढते. पुरेशी झोप घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी जास्त काम होईल. मित्रांना भेटा, ताण कमी होतो. हे सगळं कदाचित खरंही असेल. तरी मैत्रिणीला भेटण्याचं कारण मैत्रीण हेच असू द्यावं. मी बहिणीला फोन करते तेव्हा आम्हा दोघींना सांगण्यासारखं काही नसतं. ती पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत असते, मी इकडे भाजी निवडत असते, मध्येच दोन मिनिटं दोघी गप्प. त्या दोन मिनिटांचा कशालाही उपयोग नाही. पण तो फोन झाला नाही तर दिवस उणा वाटतो. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना फोनवर अधूनमधून विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भरकटलेलं असताना माणसं कमी सुखी होती. काम कोणतं यापेक्षा मन तिथे आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस रमला आहे की नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सगळं ज्याला सवड आहे त्याच्यासाठी ठीक. बरोबर. म्हणूनच समतोल हा निव्वळ खाजगी प्रश्न नाही असं मी म्हणते. ‘सवड मिळत नसते, काढावी लागते’ हे वाक्य आपण इतक्या सहज दुसऱ्याच्या तोंडावर मारतो की ते कोणाला लागू पडत नाही याचा विचारही करत नाही. आठ तासांचा कामाचा दिवस माणसांना स्वतःला शिस्त लावून मिळाला नाही. त्यासाठी गिरण्या-कारखान्यांतले कामगार कित्येक दशकं लढले, तेव्हा कुठे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास लिहिले गेले. शंभर वर्षांनंतर, २०२१ मध्ये, त्याच संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर एक हिशेब मांडला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. अशा माणसाला पहाटे पाचला उठून धावायचा सल्ला देणं म्हणजे त्याची झोपही काढून घेणं आहे.

जगातली सुमारे ३१ टक्के प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, असा २०२२ चा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त. बायका आळशी असतात म्हणून? ज्या घरात एकीचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होतो आणि सगळ्यांच्या नंतर संपतो, तिथे तिची सवड कुठे जाते हे बघायला संशोधन लागत नाही. इतरांनी उरकायच्या गोष्टी तिच्या वाट्याला आलेल्या असतात, आणि वर तिलाच स्वतःसाठी वेळ काढत जा असं प्रेमाने सांगितलं जातं. त्या सांगणाऱ्याने भांडी घासली तर वेळ आपोआप निघेल.

मी एका कार्यालयात काम करत होते. तिथे महिन्यातून एकदा तणावमुक्तीवर व्याख्यान असायचं, हजेरी सक्तीची, आणि तेही कामाची वेळ संपल्यावर. व्याख्यान संपवून घरी पोचेपर्यंत वरिष्ठांचे तीन निरोप फोनवर आलेले असत. काही देशांनी याच्यावर इलाज करायला घेतला आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात अडीच हजारांवर कर्मचाऱ्यांचे तास पगार न कापता कमी करून पाहिले. बहुतेक ठिकाणी कामाला धक्का लागला नाही आणि माणसं जास्त समाधानी दिसली. हे प्रयोग सगळीकडे जसेच्या तसे चालतील असं मी म्हणणार नाही. शेतात, दवाखान्यात, घरकामात तासांचा हिशेब वेगळा असतो. पण वेळ हा विषय धोरणाचा आहे, नियमांचा आहे, चालायला नीट पदपथ आणि बसायला सावली आहे का याचा आहे, हे तरी आपण मान्य करू या. माणसाच्या इच्छाशक्तीकडे बोट दाखवून त्यातून सुटका नाही.

मी पुन्हा तलावावर जाते आहे. घड्याळ कपाटात आहे. आजी आता दुपारी येतात असं कळलं, त्यामुळे गाठ पडत नाही. तलाव संध्याकाळी सातला बंद होतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी, आणि जणही, कामावरून सुटतात तेच त्या सुमाराला. म्हणून आम्ही सतरा जणांनी रात्री आठची एक बॅच सुरू करावी असा अर्ज केला आहे. अर्जावर ‘कारण’ असा एक रकाना होता आणि त्यात खूण करायला तीन पर्याय छापलेले होते: स्पर्धेची तयारी, वैद्यकीय सल्ला, वजन कमी करणे. आम्ही बराच वेळ त्या कागदाभोवती उभे होतो. मग आमच्यातल्या एकीने पेन घेतलं, तिन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘पाण्यात बरं वाटतं.’